घरी विचारून येतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईंची बदली टळली का? तुमच्या लिफ्टमधला तो आरसा बसवून झाला का, की अजून सगळे एकमेकांच्या चष्म्यात भांग पाडतात? इकडे सर्व क्षेम आहे. (हे लिहिताना जरा अडखळलो. तू मुलाकडे राहायला गेलीस त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ‘इकडे सर्व’ म्हणजे मी एकटाच. तेव्हा इकडे मी क्षेम आहे असं वाच.)

पत्राचं कारण असं की मागे तुझ्या चिरंजीवांनी फोन केला होता. म्हणाला, “मामा, घरात नुसते बसू नका, काहीतरी विरंगुळा शोधा. कन्सोल घ्या.” कन्सोल म्हणजे काय ते तुला सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. टीव्हीला जोडायचा एक डबा असतो. तो जोडला की हातात बटणांची एक मूठ (कंट्रोलर म्हणतात तिला) धरून खेळत बसायचं. मी आमच्या दंतवैद्यांपाशी हे बोललो (तेच, ज्यांच्यासाठी मी कवळ्या बनवतो), तर ते हातातलं काम सोडून माझ्याकडे वळले. खुर्चीतल्या पेशंटचं तोंड उघडंच. म्हणाले, “कन्सोल? छे! स्वतः कॉम्प्युटर जोडा. एकेक भाग निवडून आणा, पुढे हवा तो बदला. बंद डब्यात काय मजा?” त्यावर पेशंटने उघड्या तोंडाने काहीतरी निषेध नोंदवला. त्याच्या घरी कन्सोल असावा.

आठ दिवस मी दोन्ही बाजू तोलल्या. तुला माहीत आहे, मी साबण घेतानासुद्धा दोन दुकानं फिरतो. कारखान्यात बोलायला कोणी नाही. टेबलावर पंचवीस-तीस कवळ्या असतात, सगळ्या माझ्याकडे बघून हसतात, पण सल्ला एकीचा नाही. शेवटी म्हटलं, कन्सोल सोपा. आणायचा, जोडायचा, झालं.

दुकानातला विक्रेता भारी अगत्याचा निघाला. त्याने बसायला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न टाकला, “घरात किती जण खेळणार?”

ताई, ‘एक’ हा शब्द काही अवघड नाही. पण तो तोंडातून निघेना. मी म्हणालो, “चार.”

तो खूश झाला आणि चार मुठी घेऊन आला. मुलं केवढी आहेत, विचारू लागला. मी म्हणालो, मोठी आहेत, पण भांडतात. (कुठून सुचलं कोण जाणे.) मग रंग वेगवेगळे घ्या म्हणाला. निळी थोरल्याला दिली, लाल धाकटीला. तिसऱ्यापाशी अडलो, कारण तो मुलगा की मुलगी हे मी ठरवलंच नव्हतं. विक्रेता म्हणाला, “आणि चौथी वहिनींना?” वय वर्षं अठ्ठावन्न, आजवर एकही मुलगी पाहायला गेलो नाही, आणि त्या माणसाने दहा मिनिटांत माझा संसार मांडून दिला! “घरी विचारून येतो,” असं म्हणून उठलो तो थेट रस्त्यावर. चालता चालता मनात आलं, विचारायचं कोणाला?

त्या दुकानात पुन्हा तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून कॉम्प्युटर जोडायचं ठरलं. (दंतवैद्यांना मी सांगितलं की तुमचा मुद्दा पटला.)

बँकेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पंचेचाळिशीच्या असतील, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. सगळे त्यांना कॉम्प्युटरबाई म्हणतात. त्यांनी किती जण वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, “वेळ आहे का तुमच्याकडे?” मी म्हणालो, बाई, तेवढाच आहे. “मग सगळं एकदम नेऊ नका. एक भाग न्या, बसवा, मग पुढच्याला या.”

ताई, काय सांगू, ते पाच आठवडे बरे गेले. अकरा फेऱ्या झाल्या. जेवणाचं टेबल मी सुट्या भागांना दिलं आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याने जेवलो. त्यात एक मोठी हिरवी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. सगळे भाग तिच्यावर बसतात आणि झाकण लावलं की तिच्याकडे कोणी बघत नाही. (इथे मला आपली आई आठवली, पण बाईंना तसं म्हणालो नाही.) एक स्क्रू आत पडला तो मी दात तपासायच्या आरशाने शोधला आणि चिमट्याने काढला. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून माझ्याकडे पाहिलं. “असा हात आमच्या धंद्यात मिळत नाही,” म्हणाल्या. मी दोन दिवस कवळ्यांशी जरा तोऱ्यातच वागलो.

आणि मग घात झाला. सगळं जोडून बटण दाबलं, तर कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू! बाईंनी बजावलं होतं की पहिल्या वेळी सहसा काहीतरी राहतंच. माझं काहीच राहिलं नाही. म्हणजे बाराव्या फेरीला कारण उरलं नाही.

बस चालवायचा एक खेळ घेतला होता, तो दोन दिवस खेळलो. थांब्यावर उतारू चढतात, मुकाट बसतात, मुकाट उतरतात. एकानेही तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खोक्याचं झाकण काढलं, आतली मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंनी सैल केली, झाकण लावलं आणि बाईंना फोन केला की मशीन चालत नाही हो.

त्या दुपारी दुकान बंद करून आल्या. झाकण काढलं. बघत राहिल्या. मी आपला खिडकीचा पडदा सारखा करत होतो.

“ही पट्टी आपोआप सुटत नाही,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, रस्त्यावरून ट्रक जातात, त्याने हादरा बसला असेल.

“दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून?”

त्यांनी अंगठ्याने पट्टी दाबली, टक्‌ आवाज झाला. झाकण लावलं, हात पुसले आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, “पुढच्या वेळी मशीन उघडू नका. कॉफी केलीय म्हणून फोन करा. मला हत्यारांची पिशवी तरी आणावी लागणार नाही.”

ताई, कान इतके तापले की त्यांच्यावर कॉफी झाली असती. मी खरीखुरी केली. त्या तासभर बसल्या. बस चालवायला घेतली आणि पहिल्याच वळणावर सगळे उतारू कालव्यात घातले. इतक्या हसल्या की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात दोन हसण्यांचा आवाज झाला, तर शेजारच्यांनी भिंतीवर थापटलं. (मला तेही बरं वाटलं.)

त्याला आता सोळा दिवस झाले. फोन केलेला नाही. तीनदा कॉफी केली, तीनदा फोन उचलला आणि तीनदा मीच दोन्ही कप प्यालो. काय म्हणायचं ते त्यांनीच सांगून ठेवलंय, म्हणून तर जास्त अवघड झालंय.

असो. प्रकृतीला जप. पायऱ्या चढताना कठडा धर. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – चिरंजीवांना सांग, विरंगुळा सापडला, मामा दिवसभर गुंग असतो. चार मुठींचं मात्र सांगू नकोस.

ता. क. दुसरा – हे वाचून तू मला चिठ्ठीत ‘फोन कर, गाढवा’ असं लिहिशील. कृपया लिहीच. तुझ्या अक्षरात आलं की मला टाळता येत नाही.

ता. क. तिसरा – खरं विचारायचं ते राहिलंच. तुमच्या घरी काय आहे, कन्सोल की कॉम्प्युटर? काही खेळ म्हणे दोन गावांतून दोघांना एकत्र खेळता येतात, एकीकडे डबा आणि दुसरीकडे कॉम्प्युटर असला तरी. दुपारी तू सोडून तुमचं घर रिकामं असतं हे मला ठाऊक आहे. चार वाजता मी बसलेला असतो. आणि ताई, तुझ्या मागच्या पत्रात ‘मी अगदी मजेत आहे’ हे तीनदा आलंय. एकदा आलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.