पूनमच्या ओळी

९ सप्टेंबर, सोमवार

बियाण्याचा लॉट नापास झाला तर! दिवसभर डोक्यात तेवढंच. कंपनीचे आसिमसाहेब आज मिरचीच्या शेडनेटमध्ये भिंग घेऊन फिरले आणि सहा फुलांत नर सापडले. सहा! धागा बांधलेली फुलं, म्हणजे काम झालं म्हणून सोडलेली. कळी उघडून आतले सगळे नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्याने काढायचे, मग सकाळी दुसऱ्या झाडाचं पोलन, म्हणजे पराग, लावायचं. एक जरी नर राहिला तर फूल आपलं आपणच फळतं आणि बियाण्यात भेसळ. गेल्या साली कंपनीने शेजारच्या नेटचा सगळा लॉट परत केला. तिथली माझ्यासारखीच सुपरवायझर आता घरी बसली आहे.

सहाही फुलं माझ्या हाताखालच्या पूनमच्या ओळींतली.

११ सप्टेंबर, बुधवार

साहेब म्हणाले, "मावशी, आजकालच्या मुलींकडून ओरडून काम होत नाही. मोटिव्हेट करा." चोवीस वर्षांचा पोरगा, माझ्या धाकट्यापेक्षा लहान! जालन्याला एक दिवसाचं ट्रेनिंग करून आला. चूक दिसली तरी आधी दोन चांगल्या गोष्टी बोलायच्या म्हणे!

मला तानाबाईने हे काम शिकवलं ते बोटांवर काडी मारून. शिकलेच ना! या पोरींना काडी राहू दे, नुसता आवाज चढवला तरी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या नेटमध्ये दिसतात. हंगाम ऐन भरात आणि माझ्याकडे नऊच जणी. मला भीती वाटते — त्यांची! बावन्न वर्षांची बाई मी. कुणाला सांगायची सोय नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मी पूनमला म्हणाले, "आज वेणी छान घातलीस." ती घाबरली.

१६ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा नर. या वेळी अकरा फुलांत. पूनमच्याच ओळी, बाकीच्यांच्या साफ. पोरगी हुशार आहे, पण हात मंद. कानात गाणी घालून एकेक कळी निरखत बसते. तिच्या राहिलेल्या कळ्या दिवस मावळायच्या आत मलाच भराभर उरकाव्या लागतात, नाहीतर उद्या उमलून वाया.

विचारलं तर म्हणते, "मावशी, मी तं समदे नर काढते. कसं होऊन राह्यलं, मले नाही माहीत." शेजारच्या ओळीत रुबिना असते, तिला विचारलं. "मले काय माहीत, मावशी," म्हणाली आणि मान खाली घातली. एकमेकींना झाकतात सगळ्या!

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलं. साहेबांनी खूण केलेलं फूल पूनमच्या ओळीतून तोडलं, तळहातावर ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकीपुढे फिरवलं. तानाबाई करायची तसंच. "बघा! हिच्यामुळे तुमची सगळ्यांची मेहनत मातीत जाणार!"

पूनम रडली नाही. कानातली वायर काढून म्हणाली, "मी कामचोर नाही, मावशी. हळू करते, पण नीट करते." डबा उचलला आणि देऊळगावच्या रस्त्याला लागली. मग कुणी जेवलं नाही. रुबिना काहीतरी बोलायला उठली. मी म्हटलं, "तुलाही जायचंय का?" ती बसली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना पूनमचं नाव दिलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना, मावशी? कंपनीकडे नाव गेलं की इकडचं कुठलंच नेट तिला घेणार नाही." मी नक्की म्हणाले. लॉट वाचला पाहिजे. तिच्या ओळी आता पूर्ण माझ्याकडे. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

पूनमची आई झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली. "बाई, पोरीचं नाव काऊन देलं? तीन ठिकाणाहून वापस आली. तिचा बाप म्हणते, काम नाही तं लगन लावून टाकू. तिले तं कॉलेज करायचं हाये." मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही. ती गेल्यावर कडी लावून बसले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मी काय करणार? सगळं नेट बुडू द्यायचं?

२६ सप्टेंबर, गुरुवार

पोरी गुपचूप काम करतात. गाणी नाहीत, खिदळणं नाही, मोबाइल पिशवीत. हेच तर हवं होतं मला! पण मी ओळीत शिरले की सगळ्यांचे चिमटे थांबतात. साहेब अजून तपासायला आलेले नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार

साहेब आले. भिंगाखाली चौदा फुलांत नर. सगळी पूनमच्या ओळींतली, सगळी गेल्या आठवड्यातली. दहा दिवस त्या ओळींना माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. रुबिना बोलली. "मले पहिलेपासून दिसत होतं, मावशी. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली."