मागचं वजन

६ जानेवारी, सोमवार

आज कामाचा पहिला दिवस. ही वही सायलीनं दिली. सायली माझी नात. म्हणाली, आजी, चौथीपर्यंत शिकलीस ते गंजवू नको, रोज चार ओळी लिही. म्हटलं, चौथी नाही, तिसरी. चौथीत मास्तरच पळाला.

राजगुरुनगरच्या वर डोंगरात आमचं घर. तिथून चऱ्होलीला सायलीच्या खोलीवर येऊन आठ दिवस झाले. टीव्हीतल्या सुनांची रडगाणी ऐकून कान किटले. सायली चाकणला एका कंपनीत गाड्या चालवून तपासते. तिनंच मला तिथं झाडूच्या कामाला लावलं.

काम मात्र झकास. दोन मंगल कार्यालयं मावतील एवढा पत्र्याचा गाळा आणि आत बर्फ. बाहेर धूळ, ऊन, कंटेनरची रांग, आणि आत यंत्र रव्यासारखा बर्फ पाडतं. खाली गोठून त्याची काच होते. थंड मुलखात जाणाऱ्या गाड्या आधी इथं घसरवून बघतात. मी कडेचा बर्फ लोटायचा. त्यांनी दिलेल्या कोटात मी अस्वल दिसते असं सायली म्हणाली. म्हटलं, फोटो काढ आणि तुझ्या स्थळांना पाठव, पोरं लाइनीत उभी राहतील.

आज नवी गाडी आली. लांबलचक, चांदीच्या रंगाची, गाद्या अशा की नवरदेवानं बसायला लाजावं. अजिंक्यसाहेब इथले वरचे. वयानं मोठी म्हणून पूजा त्यांनी मलाच करायला लावली. कुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवली. सायलीनं गाडी पुढे घेतली, लिंबं चिरडली. मग साहेब हसले. म्हणाले, आजी, हिची पुढची चाकं नुसती वळतात, जोर सगळा मागच्या चाकांचा. गाडीला मागून रेटा असतो. म्हटलं, आमच्याकडं बैल पुढं असतो. मागून रेटते ती सासू.

सगळे हसले. चांगली माणसं आहेत.

७ जानेवारी, मंगळवार

आज गाडीनं बर्फावर शेपूट फिरवली. म्हशीनं माश्या वारल्यागत. साहेब म्हणाले, जोर मागं आणि वजन पुढं, म्हणून मागची चाकं पकडत नाहीत. मग डिकीत वाळूच्या गोण्या टाकल्या, तेव्हा कुठं सरळ चालली.

फेरीआधी मागची चाकं काट्यावर उभी करतात. दाराजवळ लाल आकडे उमटतात. आकडे मला वाचता येतात. बाजारात काटा मारणारे मी लांबून ओळखते.

ही गाडी नीट पार पडली तर सायली कायम होणार, आणि पंधरा तारखेला हीच गाडी घेऊन हिमाचलच्या खऱ्या बर्फात, डोंगरातल्या रस्त्यावर जाणार. पोरगी हवेत आहे.

८ जानेवारी, बुधवार

गोण्या बाहेर राहिल्या होत्या, तरी गाडी एकदाही घसरली नाही. साहेब खूश. काट्यावर मात्र कालच्या रिकाम्या गाडीपेक्षा एक्केचाळीस किलो जास्त. मी दाखवलं तर म्हणाले, थंडीनं काटा गोठलाय.

डिकी मी उघडून बघितली. रिकामी.

मागची गादी पुसायला हात लावला तर गरम. गादी तापवायचं बटण असतं, त्याचा दिवा लागलेला. सायलीला विचारलं तर तिनं दाबलं नव्हतं. मागच्या काचेवर बर्फ साचला होता आणि त्यावर नखांचे ओरखडे. मी पुसायला गेले. बाहेरून पुसलं जाईना. ओरखडे आतून होते.

१० जानेवारी, शुक्रवार

काल गुरुवार, सुट्टी. वहीला हात लावला नाही.

आज कँटीनच्या मोनिकाला विचारलं, माझ्या आधी इथं कोण होतं. तिनं भांडी घासता घासता सांगितलं. गोजाबाई. काडीसारखी. गाडी नवी नाही, तीच आहे, गाद्या तेवढ्या बदलल्यात. मागच्या वर्षी एकदा गोण्या ओल्या होऊन जमिनीला गोठल्या. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला बसवा मागं, तेवढंच वजन. बसवली, पट्टा लावला. जेवणाचा भोंगा झाला, सगळे गेले, वर मीटिंग लागली. दोन तासांनी परत आले. पट्ट्याचा खटका गोठला होता. गादी तापवायचं बटण कुठं असतं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, वजन किती होतं तिचं. मोनिका म्हणाली, दवाखान्याच्या कागदावर एक्केचाळीस होतं.

म्हणजे लिंबं पुढच्या चाकांना. मागची तशीच राहिली.

११ जानेवारी, शनिवार

आज गाडी भिंतीकडं सुटली. सायलीचा पाय ब्रेकवर, चाकं थांबलेली, तरी गाडी जात होती. वीतभर अंतरावर थांबली. सायली उतरली तेव्हा ओठ पांढरे. म्हणाली, आजी, मागून कोणीतरी ढकलत होतं.

इथं भिंत तरी आहे. हिमाचलात दरी.

साहेबाला तोंडावर विचारलं, गोजाबाईला कोणी बसवलं. तो फोनमध्ये बघत राहिला. म्हणाला, उद्यापासून येऊ नका. म्हटलं, येणार. पूजा मी केलीय, अर्धी.

सायलीला नको जाऊ म्हटलं. ऐकत नाही. कायम व्हायचंय.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

रविवारभर विचार केला. बाई वाईट नाही. गारठलीय, आणि तिला उतर असं कोणी म्हटलंच नाही. आमच्यात परमुलखात मेलेल्याला नाव घेऊन बोलवतात, चल घरी. तिळाची भाकरी, भोगीची भाजी, गोधडी घेतली. साहेब पिंपरीला गेलाय. सायलीला म्हटलं, एक फेरी मला मागं बसव, हौस आहे. हसली. बसवलं.

पेनातली शाई गोठली. पेन्सिलीनं लिहिते.

मागच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. दगड झालेली. चिरडली नाहीत, गोट्यांसारखी सटकली —

फेरी झाली, गाडी परत काट्यावर उभी आहे. गादी गरम. भाकरी शेजारी ठेवली. गोधडी टाकली. गोधडी सपाट पडली नाही.

तीनदा म्हटलं, गोजाबाई, उतर, चल घरी.

ती उतरली नाही. सरकली. मला जागा केली.

मग म्हटलं, "पोरीला सोड. मी हाय."

गादी तापवायच्या बटणाचा दिवा विझला.

जेवणाचा भोंगा. सायली उतरली. आजी, ये गं मागनं, म्हणाली. गेली. बरं झालं. पोरगी गाडीबाहेर —

पट्टा मी लावला नव्हता.

खटका दाबते. बोटं —

काट्यावर आता एक्केचाळीस आणि माझे बावन्न. सायली, आकडा बघ. दाराजवळच आहे, लाल —

काच पांढरी झाली. आतून नखानं