मशीनमध्ये पाणी का येत नव्हतं

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम
दि. ९ मार्च २०२५

चि. मंजुषा हिस,

जय भीम. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू आणि संघपाल जावई पुण्यात बरे असाल.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला वस्तू वापरायचीच नसेल तर सरळ सांगा," आणि फोन ठेवून दिलास. आईनं विचारलं, "काय म्हणे?" मी म्हटलं, "रेंज गेली." तुझा फोन आला की ती स्पीकर लावायला सांगते आणि गुडघ्याला गुडघा लावून बसते, त्यामुळे मला तोंड उघडता येत नाही. तिला वाचता येत नाही, आणि हे मला फोनवर बोलवणारही नाही, म्हणून हे पत्र. विहारात बसून लिहितो आहे, पोस्टात मीच टाकणार. उत्तर पाठवू नकोस.

आधी तू पाठवलेल्या धुण्याच्या मशीनचं ऐक. तुझ्या प्रत्येक फोनात तेच असतं, तर आज सगळं एकदाच सांगून टाकतो.

मशीन आली तेव्हा गल्लीतल्या बाया पाहून गेल्या. पहिली काही धुणी झकास झाली. मग एक दिवस ती अर्धं पाणी घेऊन थांबली, काचेवर इंग्रजी अक्षर आलं आणि टीं टीं करत बसली. तू म्हणालीस, पाईप जिथे मशीनला लागतो तिथे बारीक जाळी असते, तिच्यात क्षार धरतो. पकडीनं जाळी काढली, लिंबाच्या पाण्यात घालून जुन्या ब्रशनं घासली. जाळी साफच होती. तरी घासली. मशीन चालली, आणि पुढच्या धुण्याला पुन्हा टीं टीं.

मग म्हणालीस, पाईप कुठे दुमडला असेल. मशीन भिंतीपासून ओढून पाहिली, पाईप सरळ. मग तुझं म्हणणं पडलं, दाब कमी आहे, टाकी उंच करा. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून काळी टाकी त्याच्यावर चढवली. या वयात मी स्लॅबवर चढून टाकी ढकलतो आहे आणि खालून तुझी आई ओरडते आहे, "उतरा खाली, पडसान." शेजारचा जगदेव म्हणे, "जानरावभाऊ, पोरीनं मशीन पाठवली का सजा पाठवली?" त्याला तिथूनच चार शब्द ऐकवले. पण मनातून मलाही तेच वाटत होतं.

कारंज्याहून बाबूसिंग मेकॅनिक आला. त्याच्यासमोर मशीन अशी चालली जशी शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, मशीन त चालून राह्यली. तुमीच काही गलत दाबत असान." ज्या माणसानं जन्मभर एसटी हाकली, त्याला म्हणे बटण दाबता येत नाही. तो गेला आणि दुसऱ्याच धुण्याला तेच. पुन्हा बोलावला, पुन्हा चालली. आता तो माझा फोनच उचलत नाही.

कंपनीच्या फोनवरची पोरगी गोड आवाजात विचारते, "सर, नळ पूर्ण उघडा आहे ना?" मी तिला झाप झाप झापलं. नळ उघडा नसायला आमच्या घरात कोण लहान लेकरू आहे? टाकीवरून मशीनला वेगळी लाईन घेतली आहे, तिची तोटी न्हाणीत, रांजणाच्या मागे, खाली. गोल मुठीची जुनी तोटी आहे. उघडी आहे का बंद, पाहून कळत नाही, फिरवूनच कळतं. मी ती कधी फिरवलीच नाही. एकदा प्लंबरनं उघडली, ती उघडीच असणार.

आणि दरवेळी मशीन रुसली की तुझी आई लगेच म्हणायची, "राहू द्या. लेकीची वस्तू आहे, बिघडली त कोणाले बोट लावसान? मी हातानं धुवून काढीन." मग मागच्या हौदातून बादल्या भरून नेणार, दगडावर बसणार. मी म्हणायचो, बाईची सवय आहे, मोडत नाही. तुझ्यावरच चिडायचो, की चांगल्या चाललेल्या घरात हा टीं टीं करणारा पाहुणा आणून बसवला.

इथवर लिहून उठलो होतो. बाहेर जाऊन चहा घेतला. पुढचं लिहायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण चहा संपला तरी राग संपला नाही, म्हणून परत आलो.

गेल्या आठवड्यात मी धुणं लावून विहारात यायला निघालो. चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून फिरलो. न्हाणीत तुझी आई रांजणाच्या मागे हात घालून वाकलेली. तोटी फिरवत होती. बंद करत होती, मंजू. मी दारात उभा, आणि मशीन टीं टीं करायला लागली.

मी किती ओरडलो ते सांगत नाही. जाळ्या, स्टँड, मेकॅनिक, तुझी बोलणी, सगळं तिच्या अंगावर घातलं. "काहून करून राह्यली तू असं? मले येडा ठरवाले?"

ती म्हणाली, "हळू बोला. लोक ऐकून राह्यले."

"आयकू दे."

मग ती भिंतीला धरून उभी राहिली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माहे लुगडे तुमच्या हाती नाही जाऊ द्याचे मले."

मला काहीच समजेना. तू मशीन आईला दिलीस असं तुला वाटतं. पण तिच्यावरची अक्षरं इंग्रजी, म्हणून बटणं मी दाबतो. बटणं मी दाबतो म्हणून कपडे मीच टाकतो, मीच काढतो. टाकताना ढीग तसाच कोंबतो, पण वाळत घालताना एकेक कपडा उलगडतो. तिचं लुगडं ढिगात असलं की ती जाऊन तोटी आवळायची. पाणी थांबलं की मशीन थांबली, मशीन थांबली की कपडे तिच्या दगडावर. मेकॅनिक यायच्या आधी पुन्हा उघडून ठेवायची.

आता जे लिहितो ते बापानं लेकीला लिहायचं नसतं. आपल्यात तर नाहीच. पण दुसरं कोण लिहिणार?

तिचे कपडे ओले होतात, डाग पडतात. तिला आवरत नाही. "अंग खाली येऊन राह्यलं माहं," एवढंच बोलली आणि पदर तोंडावर घेतला. तुला कळलं असेल. मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या कामावरची आपली आशाताई निकिता आहे ना, तिला मी कोणाचं नाव न घेता विचारलं, पण तिनं ओळखलंच. म्हणाली, बायांचं गर्भाशय खाली सरकतं, वजन उचलून उचलून वाढत जातं, ऑपरेशननं बरं होतं. वर म्हणते, "काका, गावात लय जणी आहेत. कोणी सांगत नाही."

मला या "कोणी सांगत नाही"चा इतका संताप आला आहे की जेवण जात नाही. दात दुखला तर अख्ख्या गल्लीला कळतं, आणि हे एका खोलीत, एका भिंतीच्या आत, माझ्या बाजूच्या खाटेवर चाललेलं मला कळलं नाही. ती लपवत राहिली, आणि लपवण्यासाठी त्याच भरलेल्या बादल्या उचलत राहिली ज्यांनी तिचं दुखणं वाढतं. तिच्यावर चिडू की काय करू?

आणि तुझ्यावरही चिडलो आहे, ते लपवत नाही. तू फोनवर दर वेळी विचारलंस, दाब किती, जाळी साफ केली का, टाकी किती उंच. व्हिडिओवर मशीनचा मागचा भाग दाखवायला लावलास. आई स्पीकरजवळ कशी एका बाजूवर कलून बसते, ते तुला दिसलं नाही? तूही बाई आहेस. मला दिसलं नाही म्हणून मी आंधळा, हे कबूल. पण आपण दोघंही मिळून एका यंत्राकडे पाहत बसलो आणि माणूस त्याच न्हाणीत उभं होतं.

आता तिचं म्हणणं ऐक. दवाखान्यात जाईन, पण आत सोबत बाई पाहिजे, तुमच्यासमोर मी डॉक्टरीणबाईशी बोलणार नाही. ठीक. मग तुझ्या काकूला नेऊ? "तिले त बिलकुल नाही, गावभर करते." निकिताला? "रोज दारावरून जाते, तिच्या डोयाले डोया कसा देऊ?" मग मंजूला बोलावतो. तर माझा हात धरला. "पोरीले सांगसान त मी मेली तरी जाणार नाही." म्हणजे बाई पाहिजे, आणि कोणतीच बाई नको. मी म्हटलं, मग काय भाड्यानं आणू? त्यावर ती हसली, आणि मग रडली. तिनं माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळवणार नाही. मी हो म्हटलं.

ते वचन मी आज मोडलं. आयुष्यात तिला दिलेला शब्द मोडायची ही पहिली वेळ आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ती रागावेल, माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. बरी होऊन न बोलू दे.

रजा मिळत नाही, मार्चअखेर आहे, हे मला सांगू नकोस. वरून बायांच्या गोष्टीत बाबा कशाला पडले असंही मनात आणू नकोस. मी पडलो नसतो तर ती अजून त्या दगडावरच बसली असती.

काल कारंज्याला जाऊन मी बायांच्या डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या मंगळवारचा, अठरा तारखेचा नंबर लावून आलो. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, पेशंटसोबत आत कोण बाई येणार, नाव सांगा. माझ्या मागे रांग होती. मी तुझं नाव सांगितलं.

तुझा बाप,
जानराव