शेवटचा फर्मा

१४ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांचा खोकला उतरला. नजर मंदावली आहे, पण सुईत दोरा स्वतःच ओवायचा हट्ट सुटत नाही. बाइंडिंगच्या कारखान्याचं दार अजून आपोआप लागतं आणि बाबा अजून त्याला तीच वीट लावतात.

तुझा सिनेमा पाहिला. छान आहे.

एवढं लिहून पेन ठेवलं आणि दोन पुस्तकांचे कणे चिकटवून आले. सिनेमा छान आहे हे खरंच आहे. डोंगराखालचं राज्य, आंधळे पहारेकरी, हाक मारली की सरकणारा पूल, सगळं अगदी तसंच. तू ज्यावरून तो केलास ती कादंबरी मी तुला लहानपणी वाचून दाखवायचे तेव्हा मला जसं दिसायचं तसं. आणि शेवट! दगडी दार मिटत येतं, थोरली राजकन्या ते खांद्यावर तोलून धरते, धाकटी मुकुट घालून बाहेर पडते. मग परत फिरते, मुकुट काढते आणि दाराच्या फटीत अडकवते. मुकुट चेपतो आणि दोघी बाहेर येतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. जळत होते, बारके. एक्कावन्नाव्या वर्षी धाकट्या बहिणीवर जळायची लाज वाटायला हवी. वाटली नाही.

परवा टीव्हीवर तुझी मुलाखत लागली. हातात ते नवं बक्षीस. बाबांनी आवाज मोठा केला. तू म्हणालीस, "आमचे बाबा बाइंडर. ही कादंबरी बांधताना त्यांच्याकडून शेवटचा फर्मा हरवला. सोळा पानं! ताई वाचून दाखवायची, पण पुस्तकाला शेवटच नव्हता. म्हणून मी पाच वर्षांची असताना माझा शेवट रचला. बाबांच्या त्या चुकीचे आभार." सगळे हसले. बाबाही हसले. मग उठले आणि टेबलावर शिवायला ठेवलेल्या पुस्तकाचे फर्मे त्यांनी पुन्हा मोजले. सकाळी दोनदा मोजले होते.

अगं, तुला तेव्हा स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, शेवट कुठला रचतेस? तुला तसं मनापासून वाटतं, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

आता खरं लिहिते. फर्मा हरवला नव्हता. मी चोरला होता.

त्या गोष्टीच्या आपल्या खेळात मी थोरली राजकन्या, तू धाकटी. मी पुढचं आधीच वाचून ठेवायचे. छापलेल्या शेवटात थोरली दाराखाली दगड होऊन राहते आणि धाकटी मुकुट घालून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. सिनेमा करताना तू दुसऱ्या प्रतीत ते वाचलंच असशील. हे तुला वाचून दाखवायचं? तू महिनाभर डोक्यावर टोपली घालून घरभर मिरवली असतीस. बाबांनी ग्रंथालयाचं ते पुस्तक पुन्हा बांधायला उसवून फर्मे टेबलावर ठेवले होते. त्यातला शेवटचा उचलला आणि गादीखाली सरकवला. संध्याकाळी तुला जवळ बसवून, कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत शेवट 'वाचला'. समोर दाराला वीट लावलेली होती. तिचाच मुकुट केला.

पुढचं तू लहान म्हणून तुला आठवत नसेल. ग्रंथालयाच्या साहेबांनी बाबांना सगळ्यांदेखत बोल लावला, दोन वर्षं काम दिलं नाही. मी मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हापासून बाबा तीन-तीनदा मोजतात.

आणि आता बघ माझी गंमत. शेवट माझा म्हणावा, तर चोरी कबूल करावी लागते. चोरी लपवावी, तर टाळ्या तुला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

थांब. आधी बाबांना सांगून येते.

दुपार

सांगितलं. "बाबा, तो फर्मा मी घेतला होता."

त्यांनी सुईवरची नजरही काढली नाही. "गादीखाली होता. ठाऊक आहे. पुस्तक देऊन आल्यावर दिसला मला."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, स्वतःच आणून देशील. नंतर वाटलं, विचारलं तर तू वाचायचीच थांबशील. मीही ऐकत होतो ना रोज." दोरा ओढत म्हणाले, "छापलेल्यापेक्षा तुझा शेवट बरा होता. विटेचं बरं सुचलं तुला."

मी पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडले. बाबांनी शिलाई पुरी केली, मग मला पाणी दिलं.

तर पुढच्या मुलाखतीत एवढं नक्की सांग, की बाबांनी आयुष्यात एकही फर्मा हरवला नाही. चोर ताई होती. शेवट कुणाचा, ते सांगायचं की नाही हे तू बघ. मनाचा मोठेपणा दाखवून 'तो तुलाच राहू दे' असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? माझा तो माझाच. लोक त्याला तुझा म्हणतील तेव्हा मी जळणार. फक्त एक विचार सारखा येतो. खरा शेवट तू वाचला असणारच. त्यात मुकुट धाकटीला मिळतो. तरी तू तिला परत फिरवलंस.

सोळा पानं अजून माझ्यापाशी आहेत. पाठवत नाही. ये आणि या वेळी तू वाचून दाखव.

येताना ते बक्षीस आण. टीव्हीवर चांगलं जड दिसलं. आमची वीट आता भुगा व्हायला आली आहे, आणि दाराला काहीतरी लावायला हवं.

तोवर दार धरून उभी,
तुझी ताई