दोन मिनिटं चालू ठेवायची

३ मार्च, सकाळी

आजपासून नियमित लिहायचं. फक्त तापमानं आणि केलेली कामं. भावना नाहीत.

काल दादाचा फोन. म्हणाला, बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांची गाडी आता विकून टाकू, उगाच गॅरेज अडवून बसलीय. मी सांगितलं की अडवून बसलेली नाही, मी ती ट्रॅकवर पळवते. तो म्हणाला, पळते कुठली, तीन राउंड झाले की तापते आणि कडेला उभी राहते. (साडेतीन.) शेवटी ठरलं ते असं: ३० तारखेला ट्रॅकवर सलग दहा राउंड, न थांबता. जमले तर गाडी राहील, नाही जमले तर विकायची.

सोपं आहे. प्रश्न फक्त उष्णतेचा.

५ मार्च

उष्णतेतलं मला जे कळतं ते बाबांमुळे. शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते गाडीच्या तापमानाच्या काट्यावर. त्यामुळे पहिलीत शंभराच्या पुढे मोजायची वेळ आली की रडायचे.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचं टोक तापतं तशी. म्हणून ती आधी इंटरकूलरमध्ये निववून घ्यायची.

बाबांचा मुख्य नियम: जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं चालू ठेवायची, नाहीतर टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. ती दोन मिनिटं आम्ही आत बसून असायचो. बाबा एरवी फारसं बोलत नसत.

मी हा नियम एकदाही मोडलेला नाही. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरून आले तरी.

९ मार्च

मोठा इंटरकूलर बसवला. एकटीने. मदतीला कोणी नसलं की काम लवकर होतं. (नऊ तास लागले.) एक चक्कर मारून आणली.

चालू ठेवली: ४ मिनिटं. नवा पार्ट आहे, काळजी घेतलेली बरी.

१२ मार्च

इंटरकूलरच्याही पुढे ऑइल कूलर बसवला. आता तापायला वावच नाही.

वहिनीचा फोन. एकटीला करमतं का म्हणून विचारत होती. मी तिला ऑइल कूलर समजावून सांगितला. आवडला असावा, शेवटी शेवटी अगदी गप्प राहून ऐकत होती.

चालू ठेवली: ७ मिनिटं.

१५ मार्च, ट्रॅकवर सराव

राउंड: २. काटा ११८ वर. ऊन फार होतं.

शेजारच्या शेडमध्ये सुपरचार्जरवाला असतो. त्याच्या गाडीत टर्बोऐवजी सुपरचार्जर आहे. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तापायला टर्बोइतकाच हौशी. त्याने वाकून पुढची जाळी बघितली आणि म्हणाला, अहो ताई, रेडिएटरच्या तोंडावर दोन दोन गोधड्या टाकल्यात, त्याने श्वास घ्यायचा कुठून? मग हसला आणि चहा घेणार का विचारलं. मी वेळ नाही म्हणाले. नंतर दोन तास तिथेच बसून होते, पण इंजिन निवायला तेवढे लागतातच.

१६ मार्च

सुपरचार्जरवाल्याचं म्हणणं चूक आहे हे दाखवण्यासाठी मोजमापं घेतली. बरोबर आहे. ऑइल कूलर बाजूला हलवला. मला तो आधीपासून तिथेच हवा होता.

२० मार्च

वजन कमी तर इंजिनावर ताण कमी, ताण कमी तर उष्णता कमी. शेजारची सीट काढून टाकली. सोळा किलो. वर्षभर तिच्यावर फक्त माझी पिशवी बसली आहे.

चालू ठेवली: ११ मिनिटं. वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, अगं बाई, सगळा धूर आमच्या घरात, ती गाडी काय अंडी उबवतेय का? वर जाऊन त्यांना टर्बोबद्दल नीट सांगणार होते. जिन्यापर्यंत गेले.

२४ मार्च, सराव

राउंड: ६! सातव्याला काटा १०८. तेवढ्यात बाबांची युक्ती आठवली. हीटर फुल लावला. इंजिनातली उष्णता गाडीच्या आत येते आणि काटा उतरतो. ९६ वर आला.

म्हणजे ३० तारखेला पहिल्या राउंडपासूनच हीटर फुल. यात धोका काहीच नाही. पाण्याची बाटली घरी ठेवायची, वजन.

दादाला मेसेज केला, बघायला ये. उत्तर आलं, बघतो. म्हणजे येणार.

२९ मार्च

यादी तीनदा तपासली. वहिनी म्हणते मी ताकही फुंकून पिते. उद्या कळेल.

३० मार्च, संध्याकाळी

काटा पहिल्यापासून शेवटपर्यंत ९४. गाडी अजिबात तापली नाही, हे आधी नोंदवते.

आठव्या राउंडला मला प्रत्येक वळण दोनदा दिसायला लागलं. त्यातलं खरं कोणतं ते ठरवेना, म्हणून कडेला घेतली. इंजिन नियमाप्रमाणे चालू ठेवलं. हीटरही चालू राहिला, बंद करायचं सुचलं नाही.

दादा आला होता. धावत आला, दार उघडलं आणि मागे सरकला. म्हणाला, अगं वेडे, ही गाडी आहे की भट्टी? त्याच्या हातात हेल्मेट होतं. दहा राउंड झाल्यावर एक राउंड माझ्या शेजारी बसून मारायचा विचार होता म्हणे. सीट नव्हती. मग तो नुसत्या पत्र्यावर मांडी घालून बसला, मला पाणी पाजलं, हीटर बंद केला आणि चावीला हात घातला. मी म्हटलं, दोन मिनिटं.

तो म्हणाला, या टर्बोला पाण्याचं कूलिंग आहे, लगेच बंद केली तरी काही होत नाही, बाबांनीच सांगितलंय मला. मी विचारलं, मग बाबा का थांबायचे? तो म्हणाला, मला काय माहीत? मी बरोबर असलो की लगेच बंद करायचे.

बराच वेळ कोणी चावीला हात लावला नाही. किती, ते मोजायचं राहिलं.

६ एप्रिल

सीट परत बसवून दिली. गाडी विकत घेणाऱ्याने एक जोरदार चक्कर मारली, आला आणि खटकन बंद केली. मी श्वास धरून उभी. काहीही झालं नाही.

दादाने त्याच्या गाडीतून घरी आणून सोडलं. दारात आल्यावर त्याने इंजिन बंद केलं नाही. त्याच्या गाडीला टर्बोही नाही, तरी चालूच ठेवली. मला कळलं. मी पट्टा न सोडता बसून राहिले.

मग तो म्हणाला, अगं उतर ना, मला अजून तीन तास गाडी चालवायचीय.

चालू ठेवली: २ मिनिटं.