दोन बोळकी, एक वाटी

५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या पुलाच्या कामावर मोबाइलला रेंज नाही हे कळल्यावर तुझ्या नवऱ्याचं तोंड उतरलं. मी मात्र मनातून खूश झालो. फोनवर तू बापाला बोलूच देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालायची सोय नाही, तेव्हा आता निमूट वाच.

घरी सगळं ठीक आहे. तुझा नवरा पहाटे बस घेऊन जातो आणि दुपारी येऊन पालथा पडतो. मधला सगळा वेळ मैदानात मी आणि कप्तान. सात महिन्यांच्या पोराला कप्तान म्हणतो म्हणून तू नाक मुरडतेस. पण उंच खुर्चीत बसवलं की तो पोट पुढे काढून माझ्याकडे असा बघतो, की जन्मभर फुटबॉलची पंचगिरी केलेल्या माणसाला दुसरं नाव सुचत नाही. पंचाशी हुज्जत घालायची सवयही तशीच आहे.

तू बाळाच्या तयार खाण्याच्या पाऊचनी कपाट भरून गेलीस, त्यामुळे माझ्या डोक्याला ताप नाही. झाकण फिरवायचं, नळी तोंडात द्यायची, काम संपलं. तुझ्या वेळी तुझी आई गाजर उकडून चाळणीवर घासत बसायची आणि तू ते माझ्या शर्टावर काढायचीस. इथे पालक-मटार म्हणू नकोस, गाजर-भोपळा म्हणू नकोस, काही मागे राहत नाही. कचऱ्याची बादली रिकाम्या पाऊचनी भरते. पालकावर तर विशेष मर्जी दिसते.

माझं विचारशील तर दंतवैद्याने उरलेसुरले दातही उपटले. हिरड्या भरून आल्या की कवळी मिळेल. तोवर या घरात दोन बोळकी आहेत, त्यातलं एक बोलतं एवढाच फरक. सूप पिऊन पिऊन वीट आला, पण काळजी करू नकोस, माझं भागतं आहे.

पुलावरून वाकून खाली बघू नकोस. बापावर जीव आहे तेवढा राहू दे.

तुझा,
बाबा


१४ फेब्रुवारी

ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

टपालाची जीप आठवड्यातून एकदा येते आणि येते तेव्हा सगळे कामगार तिच्याभोवती लहान मुलांसारखे गोळा होतात. त्यात मीही होते. माझं काम दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचं आणि ते किती दाबाला फुटले ते बघायचं. इथे मला फोडणाऱ्या बाई म्हणतात. आमच्या घरी हे कळलं तर कोणाला नवल वाटणार नाही असं मी त्यांना सांगितलं.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. एवढ्याशा पोराला टाकून नोकरीवर आले याची टोचणी रोज जेवताना लागते. तो पोटभर खातो आहे म्हटल्यावर मीही त्या दिवशी पोटभर जेवले. त्या पाऊचवर लिहिलं आहे की वेगळी साखर नाही, लोह भरपूर आहे आणि चव आईच्या हातची. हे शेवटचं वाचूनच मी कपाट भरलं, कारण आईचा हात तर इथे ठोकळे फोडतो आहे. आणखी एक खोकं दुकानातून घरी पाठवायला सांगितलं आहे.

फक्त एक करा. तुमच्या ताटातलं काही त्याला चाटवू नका. तुमचे लाड मला माहीत आहेत, मी त्यातूनच वाढले. वजन करायला हे त्याला डॉक्टरांकडे नेतील. मला वाटतं काटा गरगर फिरेल.

हिरड्यांना जपा. माया आहेच, तिला अधूनमधून पत्राचं खतपाणी घाला.

तुमची,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

नवऱ्याने बायकोला स. न. वि. वि. लिहायचं नसतं असं बाबा म्हणतात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. घाबरू नकोस. मी बस चालवतो, माझा आवाज कधी चढत नाही, हे लिहितानाही चढलेला नाही.

कप्तानाचं वजन वाढलेलं नाही. काटा होता तिथेच बसून आहे. डॉक्टरीणबाईंनी काय खातो विचारलं तर मी छाती फुगवून सांगितलं, की आमचा मुलगा पाऊचवर पाऊच फस्त करतो. त्यांनी काटा पुन्हा एकदा बघितला. इतकं खाऊन अंगी लागत नाही म्हणजे आतडी अन्न घेत नसतील, म्हणाल्या. रक्त तपासायचं ठरलं आहे आणि त्यात काही निघालं नाही तर दोन दिवस रुग्णालयात ठेवून बघतील. एवढ्याशा हातात शीर सापडायला वेळ लागतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

बाबांना सांगितलं तर त्यांनी सुई केवढी असते ते विचारलं. मग गच्चीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. जेवलेही नाहीत. फार मनाला लावून घेतलं आहे त्यांनी.

तू तिथे रडत बसू नकोस. आणि मला विसरू नकोस, मीही या घरात राहतो.

तुझाच,
बसवाला


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. आज तुला ते घ्यावेसे वाटणार नाहीत, तरी वि. वि.

रक्त तपासायचं रद्द झालं आहे. पोराची आतडी ठणठणीत आहेत. पाऊच मी खात होतो.

हसू नकोस आणि पत्र फाडू नकोस. दात गेले, हिरड्या ठणकत होत्या, घशाखाली काही उतरत नव्हतं. कप्तान दोन घोट ओढायचा, तोंड फिरवायचा आणि झोपून जायचा. उरलेलं टाकवत नव्हतं. पहिल्यांदा नळीच्या तोंडाशी होतं तेवढंच चाटलं. मग तो झोपायची वाट बघू लागलो. पुढे पुढे तर त्याने नीट ओढलं नाही तरी मला वाईट वाटेनासं झालं, आणि या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तुला मात्र काही मागे राहत नाही म्हणून कळवलं. ते खोटं नव्हतं. कोणी संपवलं ते तू विचारलं नव्हतंस, म्हणून मी सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर कोणा खेळाडूने असा शहाणपणा केला असता तर मी त्याला मैदानाबाहेर काढला असता.

सुईचं ऐकल्यावर लपवणं जमेना. जावईबापू कामावर गेल्यावर पोराला कडेवर घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि बाहेर बसलेल्या सगळ्या आयांसमोर कबूल झालो. एकीने आपली पिशवी माझ्यापासून लांब सरकवली. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग माझा रक्तदाब बघितला आणि मग दोघांनाही झाडलं. पाऊचवर चित्र पालकाचं असलं तरी आत बहुतेक नाशपतीचा गर असतो, वर घट्टपणा आणायची पावडर आणि वासासाठी काहीबाही. सगळं कारखान्यात इतकं दळतात की जिभेला कामच उरत नाही. पोर नुसतं ओढायला शिकतं, चावायला नाही. शिवाय दोन घोट गोड पोटात गेलं की दुधाची भूक मरते, वजन तिथेच अडलं होतं. खाऊन बघितलेला माणूस म्हणून मी साक्ष देतो. पालक, गाजर, भोपळा, सगळ्यांची चव एकच लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

पाऊच बंद झाले, त्याचे आणि माझेही. तू शिक्षा देशील ती मान्य आहे.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.

बाबा


३ मार्च

ती. बाबा यांना सा. न.

टपालाची जीप उशिरा आली. तोवर मी माझ्या मुलाच्या पोटात काय काय झालं असेल याचा विचार करत बसले होते. ठोकळ्यांची नोंद चुकवली, साहेबांची बोलणी खाल्ली. आणि कारण काय, तर माझे वडील.

तुम्ही माझ्या मुलाचं अन्न खाल्लंत. हे वाक्य मी मोठ्याने म्हणून बघितलं, शेजारच्या खोलीतल्या बाईंना हसू आलं. मला आलं नाही. तुम्ही भुकेले आहात हे तुम्हाला एका ओळीत लिहिता आलं नसतं का? मी त्याच्यासाठी खोकं पाठवलं, तुमच्यासाठीही काही पाठवलं असतं.

पाळणाघरात चौकशी केली आहे. १ एप्रिलपासून त्याची जागा ठेवायला सांगितलं आहे. त्यानंतर तुम्ही आपल्या घरी जाऊन आराम करा. रागावून लिहीत नाही. रागावूनच लिहिते आहे.

तब्येतीला जपा.

भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

लाल कार्ड मिळालं. पंचाशी हुज्जत घालणाऱ्यांचा मला आयुष्यभर तिटकारा आहे, तेव्हा नाकदुऱ्या काढणार नाही. फक्त १ एप्रिलपर्यंतचा अहवाल देतो.

पहिल्या दिवशी उकडलेलं गाजर दिलं. कप्तानाने ते लाळेऱ्यावर काढलं आणि कपाटाकडे बघून असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. दुसऱ्या दिवशी बटाटा दुधात कुस्करून दिला, तो भिंतीवर गेला. भिंतीचं वजन नक्की वाढलं असेल. मलाही त्या कपाटाची आठवण येत होती, त्यामुळे आम्ही दोघे एकमेकांवर उखडलेले होतो.

मग मी खुर्ची त्याच्यासमोर ओढून त्याच वाटीतलं खायला बसलो. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या आहेत, फक्त चमचे वेगळे. मी तोंड उघडलं, त्याने टक लावून बघितलं. मी हिरड्यांनी गाजर चिरडलं, गाल हलवले, गिळलं, पुन्हा तोंड उघडून रिकामं दाखवलं. पोराला एवढी मजा कशात वाटली देव जाणे. दोन दिवसांनी तो माझ्यासारखे गाल हलवायला लागला, तोंडात काही नसतानाही. त्यानंतर गाजर गेलं. मागोमाग बटाटा गेला, अंड्याचा बलक गेला. आमची जेवणं इतकी लांबतात की जावईबापू कामावरून येतात तरी आम्ही वाटीवरच असतो. परवा काटा पुढे सरकला. फार नाही, पण मी दवाखान्यात शिट्टी वाजवली आणि बोलणी खाल्ली.

माझी कवळी आली. लावून कप्तानाकडे बघून हसलो, त्याचा खालचा ओठ थरथरला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. जेवताना आता ती खिशात ठेवतो. दंतवैद्य म्हणतो सवय व्हायला हवी. त्याला म्हटलं, होईल, घाई नाही.

रजेवर येशील तेव्हा एकदा त्याच्या जेवणाला बस. मग काय ठरवायचं ते ठरव. बिछाना बांधून ठेवतो.

तू रागावली असशील तरी माझी आहेस, तेवढं काढून घेऊ नकोस.

तुझा,
बाबा


२९ मार्च

ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

रजा संपवून कामावर पोहोचले. पाळणाघराला नको म्हणून कळवलं आहे. बिछाना सोडा.

कारण तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. दुपारी तुम्ही मुद्दाम गच्चीत कपडे वाळत घालायला गेलात, हे मला कळलं होतं. वाळत घालायला दोनच लंगोट होते. मी वाटी घेऊन बसले. किती गोड बोलले, चमच्याचं विमान केलं, गाणं म्हटलं. त्याने ओठ घट्ट मिटले. माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. भरवताना मी स्वतः काही खात नव्हते, हे मला सुचलंच नाही. शेवटी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, दात खिशात टाकलेत, एक घास घेतलात, आणि माझ्या मुलाने माझ्याकडे न बघता आ केला.

मला राग आला. तुमचा नाही, असं लिहिणार होते, पण तुमचाच आला. मी त्याची आई आहे आणि मी पाठवलेलं सगळं डबाबंद होतं. तुम्ही चोर, खोटारडे, आणि तो तुमच्या तोंडाकडे बघून जेवतो. परतताना कामावरच्या जीपमध्ये मी इतकी रडले की ड्रायव्हरने गाडी थांबवून मला बिस्कीट दिलं. तेही खाल्लं.

खरी भीती एकच आहे, बाबा. काम संपायला अजून चार महिने आहेत. तोवर तो मला विसरेल.

माया करत राहा, माझ्या वाटणीचीही.

तुमची,
भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू गेल्यावर जे झालं ते जावईबापूंनी बघितलेलं नाही, ते खाली तुझी पेटी जीपमध्ये चढवत होते. म्हणून मी कळवतो.

कप्तान खुर्चीतच होता, हातात गाजराचा तुकडा. तोंडात घालून बाहेर काढलेला, लिबलिबीत झालेला, बघवत नव्हता. दार लागल्याचा आवाज झाला तसा त्याने तो तुकडा दाराकडे धरला आणि स्वतः आ केला. मी समोरच बसलो होतो, पण माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, आई गेली. त्याला ते पटलं नाही. हात तसाच, तोंड उघडं. मी मधे तोंड घातलं तर त्याने मला ढकललं. त्याला एवढंच शिकवलं आहे मी, की आपण तोंड उघडलं की समोरचं माणूस उघडतं. तो तुला भरवत होता.

हात थकल्यावर त्याने तो हळूच माझ्याकडे वळवला. मी कवळी काढली आणि तो घास खाल्ला. तुझा होता, म्हणून कळवतो.

लवकर ये, आणि भुकेली ये.

तुझा,
बाबा