मांडवातून उठायचं नाही

सुकापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. भामाआत्यास,
स्नेहलचा शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की बरी हाय म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. मागच्या लग्नात विधीचं गाणं, धवला, गाता गाता तुझा घसा आवळला आणि तू मांडवातून उठून गेलीस. हृदयाचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी चिंतेचा आजार सांगितला. गाव देवीचा कोप म्हणतं. तरी कृष्णाबाईंनी त्यांच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न धवले गाऊन लावायला तुलाच सांगितलंय. तिथेही उठलीस, तर गव्हाणात धवलारीण म्हणून तुला पुन्हा कोणी बोलावणार नाही.

मी मानसशास्त्र शिकलेय, माझं ऐक. भीती चेहऱ्यावर आणू नकोस. हसत राहा. कुणाला कळता कामा नये. घरातल्या पहिल्या पदवीचा काही उपयोग होऊ दे!

गोळी चुकवू नकोस. माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी स्नेहल

गव्हाण, ८ फेब्रुवारी

चि. स्नेहलला भामाआत्याचा आशीर्वाद.

तुझं शहाणपण परवा शेजारच्या हळदीला करून बघितलं. बाया बोलल्या, भामा आज लय खुशीत हाय. हसून हसून जबडा दुखला. भीती तोंडावरून दाबली ती हातात उतरली, ताटातले तांदूळ सांडले. घरी येऊन न्हाणीत रडत बसले.

आमी चौथी शिकलेली माणसं, तुमी सांगाल तसं करतो. तुझ्यावर राग नाय. कृष्णाबाईला मात्र नाय म्हणून कळवते.

जेवत जा वेळेवर.
भामा

सुकापूर, १० फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

गव्हाणला निघालेल्या हितेशच्या हाती घाईने पाठवतेय. चूक माझी. तुझं पत्र मी मी काम करते त्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या मॅडमना दाखवलं. न विचारता दाखवलं, माफ कर. त्या चिडल्या. म्हणाल्या, भावना आवरणं म्हणजे लपवणं नव्हे. लपवण्यातच सगळी ताकद जाते आणि धडधड तशीच राहते. भीती आली की ती आली असं म्हणावं, जवळच्यांना सांगावं, श्वास सावकाश सोडावा आणि जागा सोडू नये. पळालं की पुढच्या वेळी ती मोठी होऊन येते.

हेच मी परीक्षेत लिहिलं होतं. तुझ्या वेळी मात्र मला गावासमोर लाज राखायची होती.

भीती येणारच नाही, असं मी म्हणत नाही. होय की नाही, तू ठरव. गेलीस तरी रविवारी लग्नाला मी येत नाही. मी समोर असले तर तू माझ्यासाठी हसशील.

रागावलीस तरी आपलीच समज.
स्नेहल

गव्हाण, २० फेब्रुवारी

चि. स्नेहलला आशीर्वाद.

कृष्णाबाईला नाय कळवलंच नाय, रविवारी मनस्वीच्या मांडवात गेले. तिसऱ्या धवल्याला घसा बंद झाला. उठले नाय. सगळ्यांदेखत कृष्णाबाईला बोलले, मला भीती भरलीय, जरा थांबा. नवऱ्याकडच्या एकाने घड्याळ दाखवलं, स्पीकरवर गाणी लावा बोलला. मी श्वास सोडत बसले. हात कापत होते ते पदरात घेतले नाय. किती वेळ गेला देव जाणे. मग आवाज आला. फाटका आला, पण लग्न मीच लावलं.

आज उलव्याची माणसं सुपारी घेऊन आलीत. त्यांच्या पोरीचं लग्न हाय. बोलतात, गा, पण मधी थांबायचं नाय असं वचन दे. मी बोलले, थांबावं लागलं तर सांगून थांबेन. चालत असंल तर सुपारी ठेवा.

अजून ठेवली नाय. हातात धरून ओटीवर बसल्यात. चुलीवर चहा ठेवून मी आतून तुला लिवते हाय. छाती धडधडते. चहा उकळला, आता बाहेर जाते.

आत्यावर जीव असू दे.
भामा